पोलिसांविषयी इंग्रजीत बोलताना विशेषण कुणाला लावायचं?

इंग्रजी नव्याने बोलू लागलेल्या माणसाकडे विशेषणं भरपूर असतात. 'गुड', 'बॅड', 'स्ट्रिक्ट', 'ऑनेस्ट', 'स्ट्राँग' हे शब्द तर शाळेपासून तोंडात बसलेले. तरीही पोलिसांचा विषय निघाला की वाक्य अडतं. विषयच तोलून बोलण्याचा आहे. एक शब्द चुकला तर साधी तक्रार गंभीर आरोप होऊन बसते, आणि मनापासून केलेलं कौतुक भलत्याच अर्थाने पोचतं. प्रौढ विद्यार्थ्यांना बोलण्याचं इंग्रजी शिकवताना माझ्या लक्षात आलं की चूक बहुतेक वेळा विशेषणात नसते. ते ज्या नामाला चिकटवलं, तिथे असते. म्हणून सुरुवात नामापासून करू.

पहिली पायरी: आधी नाम पक्कं करा

मराठीत 'पोलीस' हा एकच शब्द सगळीकडे चालतो. 'एक पोलीस आला', 'पोलीस आले', 'तो पोलीस आहे', 'पोलिसांत तक्रार दिली'. इंग्रजीत या कामांना वेगवेगळे शब्द लागतात.

'द पोलीस' म्हणजे सगळे मिळून पोलीस. हा शब्द कायम अनेकवचनी. 'द पोलीस इज कमिंग' असं कधीच नाही, 'द पोलीस आर कमिंग'. त्याला 'पोलिसेस' असं अनेकवचनही नाही, आणि 'वन पोलीस' म्हणून एक माणूसही मोजता येत नाही. बातम्यांत 'टू हंड्रेड पोलीस' असं मोठ्या आकड्यासोबत वाचायला मिळेल, तेवढं चालतं.

एका माणसाविषयी बोलायचं तर 'अ पोलीस ऑफिसर', किंवा संदर्भ स्पष्ट असेल तर नुसतं 'ऑफिसर'. इथे मराठी माणूस हमखास बिचकतो. आपल्या कानाला ऑफिसर म्हणजे साहेब, खांद्यावर तारे असलेला. इंग्रजीत मात्र गस्त घालणारा साधा कॉन्स्टेबलही 'ऑफिसर'च असतो. त्याला हाक मारतानाही 'एक्सक्यूज मी, ऑफिसर' एवढंच पुरतं. वरच्या हुद्द्याचा माणूस सांगायचा असेल तर 'सीनिअर ऑफिसर' म्हणा. 'पोलीसमन' हा शब्द चुकीचा नाही, पण स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडणारा 'पोलीस ऑफिसर' आता जास्त वापरात आहे.

'कॉप' हा घरगुती शब्द. तो शिवी नाही, पण ज्याच्याशी बोलताय त्यालाच 'कॉप' म्हणू नका. 'गुड कॉप' म्हणताना जरा जपा. चौकशीत एकाने गोड बोलायचं आणि दुसऱ्याने दरडावायचं, या जुन्या पद्धतीला 'गुड कॉप, बॅड कॉप' म्हणतात. 'ही प्लेड द गुड कॉप' याचा अर्थ त्याने गोड बोलणाऱ्याची भूमिका घेतली. आईबाप आणि ऑफिसातले वरिष्ठ यांच्याविषयीही लोक हे सर्रास बोलतात.

संस्थेविषयी बोलायचं तर ब्रिटनमध्ये 'फोर्स', अमेरिकेत 'डिपार्टमेंट'.

आणि शेवटचं म्हणजे पोलिसांचं काम. मराठीत आपण सगळं माणसावर टाकतो: 'पोलीस सुस्त आहेत'. इंग्रजीत विशेषण बऱ्याचदा कामावर पडतं. 'स्लो पोलीस' असं कुणी म्हणत नाही. 'द पोलीस रिस्पॉन्स वॉज स्लो' किंवा 'द पोलीस वर स्लो टू रिस्पॉन्ड' असं म्हणतात. 'हेवी' घ्या. तगडा बंदोबस्त होता हे सांगायला 'अ हेवी पोलीस प्रेझेन्स' हा अगदी रुळलेला शब्दप्रयोग आहे. 'प्रेझेन्स' गाळून 'हेवी पोलीस' म्हटलंत तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वजनदार शरीरं येतील. आणि 'हेवी-हँडेड' म्हणालात तर ती थेट टीका झाली, की गरज नसताना बळ वापरलं. मूळ शब्द तोच, पण कुठे बंदोबस्ताचं वर्णन आणि कुठे आरोप.

दुसरी पायरी: कुठल्या प्रकारचे पोलीस, हे सांगणारी विशेषणं

ही विशेषणं चांगलं-वाईट ठरवत नाहीत, फक्त प्रकार सांगतात. म्हणून त्यांच्या आधी 'व्हेरी' लागत नाही. पोलीस 'युनिफॉर्म्ड' असतात किंवा नसतात, 'व्हेरी युनिफॉर्म्ड' काही नसतं.

साध्या वेशातला पोलीस म्हणजे 'अ प्लेन-क्लोद्स ऑफिसर'. आपल्याकडच्या इंग्रजीतला 'सिव्हिल ड्रेस' बाहेर कुणाला कळत नाही. यालाच जोडून 'अंडरकव्हर' येतो, पण दोघांत अंतर आहे. साध्या वेशातला पोलीस फक्त गणवेशात नसतो. विचारलं तर तो ओळखपत्र दाखवून आपण कोण ते सांगेल. 'अंडरकव्हर' पोलीस मात्र खोटी ओळख घेऊन टोळीत शिरलेला असतो. आणि या दोघांनाही 'सीक्रेट पोलीस' म्हणू नका. त्या शब्दाला हुकूमशाहीचा वास आहे. सरकारविरोधात बोलणाऱ्यांवर पाळत ठेवणारी, रात्री दार ठोठावून माणसं उचलून नेणारी यंत्रणा म्हणजे 'सीक्रेट पोलीस'. पूर्व जर्मनीतली श्टाझी हे त्याचं ठळक उदाहरण.

'ऑफ-ड्यूटी' म्हणजे कामाची पाळी नसलेला. 'अॅन ऑफ-ड्यूटी ऑफिसर कॉट द थीफ', म्हणजे सुट्टीवर असतानाही त्याने चोर पकडला. 'स्पेशल' मात्र फसवा आहे. ब्रिटनमधला 'स्पेशल कॉन्स्टेबल' म्हणजे निवडक, खास असा कुणी नव्हे. तो आपला नोकरीधंदा सांभाळून, पगार न घेता काही तास पोलिसाचं काम करणारा स्वयंसेवक. अटकेचे अधिकार मात्र त्याला नेहमीच्या कॉन्स्टेबलसारखेच असतात.

'आर्म्ड' या शब्दाकडे नीट बघण्यासारखं आहे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये बहुतेक पोलीस बंदूक बाळगत नाहीत. म्हणून तिथे 'आर्म्ड पोलीस' आले असं म्हटलं की काहीतरी गंभीर घडलंय हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. अमेरिकेत नेहमीच्या गस्तीवरच्या पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असतंच, म्हणून तिथे नुसतं 'आर्म्ड' म्हणून फारसं काही कळत नाही. तिथे 'हेविली आर्म्ड' म्हटलं तर मोठी शस्त्रं, हे समजतं. वेगळेपण दाखवायचं असेल तिथेच विशेषणाला किंमत येते. सगळ्यांना लागू पडणारं विशेषण वाक्यात नुसतं बसून राहतं.

काही विशेषणं नावातच मुरून जातात. कॅनडाच्या 'रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस' या दलाचं मूळ 1873 सालच्या 'नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस' या घोडदळात आहे. आज त्यांचे घोडे मुख्यतः समारंभांत आणि कवायतींत दिसतात, रोजची गस्त गाड्यांतून चालते. तरी 'माउंटेड' हा शब्द नावात राहिला, आणि लोक त्यांना लाडाने 'माउंटीज' म्हणतात. लंडनच्या 'मेट्रोपॉलिटन पोलीस'चंही असंच. ते विशिष्ट दलाचं नाव आहे. कुठल्याही मोठ्या शहराच्या पोलिसांना त्या नावाने ओळखून चालणार नाही.

तिसरी पायरी: मराठीतून सोबत आलेले शब्द तपासा

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण या चुका करताना माणसाला आपण चुकतोय हे जाणवतच नाही. शब्द इंग्रजी, व्याकरण बरोबर, आणि अर्थ मात्र आपल्या डोक्यातला.

'कन्सर्न्ड' पासून सुरू करू. 'संबंधित अधिकाऱ्याला भेटा' याचं आपण सहज 'मीट द कन्सर्न्ड ऑफिसर' करतो. आपल्या सरकारी पत्रांतही तसंच लिहिलेलं असतं. पण हे विशेषण नामाच्या आधी आलं की बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ 'चिंतेत पडलेला' असा लागतो. संबंधित म्हणायचं असेल तर शब्द नामाच्या मागे न्या: 'द ऑफिसर कन्सर्न्ड'. जागा बदलली की अर्थ बदलणाऱ्या विशेषणांची ही छोटी टोळीच आहे. 'द रिस्पॉन्सिबल ऑफिसर' म्हणजे जबाबदारीने वागणारा, आणि 'द ऑफिसर रिस्पॉन्सिबल' म्हणजे ज्याच्यामुळे हे घडलं तो. पहिल्यात शाबासकी आहे, दुसऱ्यात ठपका असू शकतो. 'द ऑफिसर्स प्रेझेंट' म्हणजे तिथे हजर असलेले, 'द प्रेझेंट चीफ' म्हणजे सध्याचा प्रमुख. या तीन जोड्या वहीत लिहून पाठ करा, मी विद्यार्थ्यांकडून करून घेते.

पुढचा शब्द 'सिन्सिअर'. मन लावून काम करणारा तो आपला 'सिन्सिअर'. इंग्रजीत मात्र सिन्सिअर म्हणजे जे वाटतं तेच बोलणारा, दिखावा नसलेला. माफी सिन्सिअर असते, कौतुक सिन्सिअर असतं. कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याला 'कॉन्शिअन्शस', 'डेडिकेटेड' किंवा साधं 'हार्डवर्किंग' म्हणा. 'ड्यूटीफुल' हा शब्दकोशात सापडणारा पर्याय टाळा. त्यात सांगितलेलं गुपचूप करणाऱ्या आज्ञाधारक मुलाची छटा येते.

'डॅशिंग' तर आपल्या वर्तमानपत्रांचा आवडता. धडाकेबाज कारवाई करणारा तो डॅशिंग अधिकारी. इंग्रजीत 'अ डॅशिंग ऑफिसर' म्हटलं की समोरच्याला देखणा, ऐटबाज, मुलींच्या नजरा वळवणारा तरुण दिसतो. एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या निरोपाच्या भाषणात हा शब्द गेला तर सभागृहात कुजबूज होईल. धडाडी सांगायची असेल तर 'फिअरलेस', 'बोल्ड' किंवा पुढाकार घेणारा या अर्थी 'प्रोअॅक्टिव्ह' आहे. 'धडाकेबाज' या शब्दातली सगळी आतषबाजी एका इंग्रजी शब्दात मावत नाही. तेव्हा एक वाक्य जास्त खर्च करा आणि त्याने काय केलं ते सांगा.

'स्ट्रिक्ट' चुकीचा नाही, पण 'कडक' या आपल्या शब्दाची सगळी ओझी त्याच्यावर टाकू नका. नियम काटेकोर पाळायला लावणारा तो 'स्ट्रिक्ट'. चेहऱ्याने आणि आवाजाने कडक तो 'स्टर्न'. ठाम पण अन्याय न करणारा 'फर्म', आणि त्याचा 'फर्म बट फेअर' हा जोडशब्द उत्तम कौतुक आहे. गुन्हेगारीबाबत कठोर धोरण असेल तर 'टफ ऑन क्राइम', पण हे पुढाऱ्यांविषयी जास्त ऐकू येतं. फालतूपणा खपवून न घेणारा तो 'नो-नॉन्सेन्स'. नियमाच्या बाहेर एक पाऊल न टाकणारा 'बाय-द-बुक', आणि हा शब्द बोलणाऱ्याच्या सुरावरून कौतुक किंवा कंटाळा, दोन्ही होऊ शकतो.

'उर्मट' शोधताना शब्दकोशात 'इन्सोलंट' सापडेल. तो लहानाने मोठ्याशी केलेल्या उद्धटपणासाठी आहे. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्या उर्मटपणाला 'रूड' म्हणा, आणि अधिकाराचा माज दाखवायचा असेल तर 'हाय-हँडेड'. 'हाय-हँडेड' आणि मघाचा 'हेवी-हँडेड' यांची गल्लत करू नका. पहिला मनमानी करतो, दुसरा बळ जास्त वापरतो.

'सस्पिशस' दुतोंडी आहे. 'द पोलीस वर सस्पिशस ऑफ हिम' म्हणजे पोलिसांना त्याचा संशय होता. 'अ सस्पिशस ऑफिसर' म्हणालात तर संशयखोर पोलीस की संशयास्पद पोलीस, हे ऐकणाऱ्याला कळणार नाही. पोलिसांना संशय आला असेल तर 'ऑफ' लावून वाक्य पूर्ण करा, गोंधळ मिटतो.

आणि पत्राची सुरुवात. 'रिस्पेक्टेड सर' हे 'आदरणीय महोदय'चं सरळ भाषांतर. इंग्रजीत पोलिसांना औपचारिक पत्र 'डिअर सर ऑर मॅडम' असंच सुरू होतं. 'रिस्पेक्टेड' हे विशेषण इतरांना त्या माणसाविषयी सांगताना वापरतात: 'अ हायली रिस्पेक्टेड ऑफिसर'.

चौथी पायरी: जड शब्द ओळखायला शिका

काही शब्द कळले पाहिजेत, पण नवख्याने लगेच तोंडी घेऊ नयेत. लाचखोर पोलिसाला सरळ शब्द 'करप्ट'. अमेरिकेत बोलताना 'डर्टी कॉप' किंवा 'क्रुकेड कॉप' ऐकाल. तिथल्या 'डर्टी'चा कपड्यांच्या मळाशी संबंध नाही. ब्रिटनमध्ये 'बेन्ट कॉपर' म्हणतात. हे सगळे आरोप आहेत, तेव्हा ओळख नसलेल्या लोकांत बोलू नका.

निळा रंग पोलिसांना जन्मापासून चिकटला. 1829 मध्ये ब्रिटनचे गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल उभं केलं, तेव्हा गणवेश निळा ठेवला. लष्कराचा रंग लाल होता, आणि नवं दल म्हणजे रस्त्यावर उतरवलेलं सैन्य आहे असं लोकांना वाटू नये, हा हेतू होता. तिथून 'द बॉइज इन ब्लू' आला. पील यांच्या रॉबर्ट या नावावरूनच इंग्लंडच्या पोलिसाला 'बॉबी' म्हणू लागले. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या पोलिसांना 'न्यूयॉर्क्स फायनेस्ट' म्हणतात. इथे विशेषणच नाम होऊन बसलं आहे. त्याच शहरातले अग्निशमन दलाचे जवान 'ब्रेव्हेस्ट'.

एक शब्दप्रयोग मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे: 'इन्स्टिट्यूशनली रेसिस्ट'. 1993 मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला, आणि तपास पोलिसांनी वाईट रीतीने हाताळला. त्याची चौकशी करणाऱ्या सर विल्यम मॅकफर्सन यांच्या 1999 च्या अहवालाने मेट्रोपॉलिटन पोलिसांवर 'इन्स्टिट्यूशनल रेसिझम'चा ठपका ठेवला. 2023 मध्ये बॅरोनेस लुईस केसी यांच्या अहवालाने याच दलाविषयी पुन्हा तसाच निष्कर्ष काढला, आणि स्त्रियांविषयीचा व समलैंगिकांविषयीचा द्वेषही त्यात जोडला. तेव्हाचे पोलीस आयुक्त सर मार्क रॉली यांनी अहवालातले दोष मान्य केले, पण 'इन्स्टिट्यूशनल' हा शब्द स्वतः वापरायला नकार दिला. इतका मोठा वाद एका विशेषणाभोवती का फिरतो? कारण 'रेसिस्ट ऑफिसर' म्हटलं की दोष एका माणसाचा होतो, आणि 'इन्स्टिट्यूशनल' जोडलं की तो दलाच्या पद्धतींचा, सवयींचा, कारभाराचा होतो. पहिल्या पायरीवर जे म्हटलं, की विशेषण कुणाला चिकटतंय ते बघा, ते इथे किती गंभीर होतं बघा.

पाचवी पायरी: जोर किती, आणि किती वेळापुरता

'व्हेरी' सगळीकडे लावण्यापेक्षा जोड्या शिका. 'हायली ट्रेन्ड', 'पुअरली ट्रेन्ड', 'डीपली करप्ट', 'बॅडली ओव्हरस्ट्रेच्ड'. शेवटचा शब्द खास लक्षात ठेवा. माणसं कमी आणि काम जास्त असल्याने पोलीस पुरे पडत नसतील, तर 'लेझी' म्हणण्यापेक्षा 'ओव्हरस्ट्रेच्ड' किंवा 'अंडरस्टाफ्ड' हे जास्त न्यायाचं आणि बहुतेकदा जास्त खरं असतं.

'द ऑफिसर इज रूड' म्हणजे तो स्वभावानेच उर्मट. 'द ऑफिसर वॉज बीइंग रूड' म्हणजे त्या वेळी तसा वागत होता. एका भेटीवरून कुणाच्या स्वभावाचा निकाल लावायचा नसेल, तर हा छोटा 'बीइंग' फार कामाचा.

'फ्रायटन्ड' आणि 'फ्रायटनिंग' यांतला फरक व्याकरणात शिकलेला असतो, पण घाईत उलटा होतो. 'आय वॉज इंटिमिडेटिंग' म्हणालात तर तुम्हीच पोलिसांना धाक दाखवत होतात. घाबरला होतात तर 'इंटिमिडेटेड'.

कौतुक मात्र साध्या शब्दांत करा. 'हेल्पफुल', 'काइंड', 'पेशंट', 'अप्रोचेबल', 'प्रोफेशनल'. शेवटचा शब्द आपल्याकडे कधी कधी कोरडा वाटतो, इंग्रजीत तो पोलिसांसाठी मोठी पावती आहे. ब्रिटिश माणूस 'द पोलीस वर ब्रिलियंट' म्हणाला तर ते हुशार होते असं नव्हे, त्यांनी फार छान सांभाळून घेतलं असा अर्थ. उलट 'दे वरन्ट व्हेरी हेल्पफुल' हे ऐकायला सौम्य असलं तरी चांगली तिखट तक्रार आहे.

सहावी पायरी: तक्रार लिहिताना विशेषणं कमी करा

तक्रार अर्जात 'रूड', 'अॅरोगंट', 'अनप्रोफेशनल' यांची रांग लावली की वाचणाऱ्याला तुमचा राग कळतो, घडलं काय ते कळत नाही. 'ही शाउटेड अॅट माय मदर अँड रिफ्यूज्ड टू गिव्ह हिज नेम' या वाक्यात एकही दोष देणारं विशेषण नाही, आणि सगळं आहे. विशेषणं राखून ठेवा ती माणूस ओळखता यावा म्हणून. 'टॉल', 'बिअर्डेड', 'बाल्ड', 'मिडल-एज्ड', 'ऑफ मीडियम बिल्ड'. 'फॅट' लिहू नका, 'हेविली बिल्ट' लिहा. 'वेल-बिल्ट' म्हणजे पिळदार शरीराचा, तो वेगळा. अनेक विशेषणं एकत्र आली तर क्रम असा: संख्या, मत, उंची, वय, आणि प्रकार सांगणारा शब्द नामाच्या अगदी जवळ. 'टू हेल्पफुल टॉल यंग ट्रॅफिक ऑफिसर्स'. बोलताना एवढी माळ लागत नाही, दोन पुरतात.

आता एक सराव. नवख्याने बोललेलं हे बघा: 'देअर वॉज हेवी पोलीस. पोलीस वॉज व्हेरी स्ट्रिक्ट. वन पोलीस वॉज सिन्सिअर. टुमॉरो आय विल मीट कन्सर्न्ड पोलीस.'

आणि हेच नीट बसवलेलं: 'देअर वॉज अ हेवी पोलीस प्रेझेन्स. द ऑफिसर्स वर फर्म बट पोलाइट. वन यंग ऑफिसर वॉज पर्टिक्युलरली हेल्पफुल. टुमॉरो आयम मीटिंग द ऑफिसर कन्सर्न्ड.'

दोन्ही मोठ्याने वाचा, मग दुसरं न बघता म्हणून बघा. पुढे याच चार वाक्यांत स्वतःचा एखादा प्रसंग घाला. 'पोलाइट'च्या जागी काय बसेल ते तुमच्या प्रसंगावर आहे.